औषधाचे भय आणि भयाचे औषध



व्याख्यानमालेच्या चालकांना आम्ही आजचा विषय कळविला तेव्हा त्यांपैकी एक गृहस्थ किंचित हसले. रोग नसताना रोगाच्या भीतीने पछाडलेल्या माणसाने औषध घ्यावे की न घ्यावे, हा प्रश्न ऐकायला विनोदी आहे खरा. ज्याला रोगच नाही त्याला औषध कशाला, असे कोणीही म्हणेल. आम्हीही तेच म्हणत होतो. तसे म्हणण्यात आमची सहा वर्षे गेली, म्हणूनच आज हा विषय घेऊन आपल्यापुढे उभे आहोत.

या माणसाला हसण्याची चाल जुनी आहे. फ्रेंच नाटककार मोलिएर याने १६७३ साली 'काल्पनिक रोगी' या अर्थाच्या नावाचे प्रहसन रंगभूमीवर आणले आणि मुख्य भूमिका स्वतःच केली. १७ फेब्रुवारीला चौथा प्रयोग चालू असताना त्याला खोकल्याची ढास लागली. प्रयोग त्याने कसाबसा पुरा केला आणि त्याच रात्री तो घरी वारला. खोट्या रोग्याचे सोंग आणणारा नट खरोखर आजारी होता. यावरून एक साधी गोष्ट ध्यानात ठेवावी : भित्र्या माणसालाही खरा रोग होऊ शकतो. म्हणून पहिली पायरी एकच. भरवशाच्या डॉक्टरकडून एकदा नीट तपासणी करून घ्यावी. आमचा प्रश्न सुरू होतो तो त्या तपासणीनंतर.

आमच्या छातीत एकदा डाव्या बाजूला कळ आली. कार्डिओग्राम काढला, तो निर्दोष निघाला. त्या कागदाने आम्हांस चार दिवस झोप दिली. पाचव्या दिवशी मनात आले, की कागद काढला तेव्हा कळ कुठे येत होती? झाले! दुसरा डॉक्टर, दुसरा कागद. पुढे रक्त, पोट, डोके अशी तपासण्यांची फाइल जाड होत गेली. रात्री दोन वाजता उठून नाडी मोजावी, हातातल्या फोनवर लक्षणे शोधावीत, आणि पहाटे पत्नीस उठवून 'मला काही झालेले नाही ना?' म्हणून विचारावे. 'मन चिंती ते वैरी न चिंती' ही म्हण आपण सहज वापरतो. आमच्या घरी ती रोज जगली जात होती. नातवाचे बारसे नागपूरला होते, तिथेही आम्ही गेलो नाही. रात्रीच्या प्रवासात काही झाले तर जवळ इस्पितळ नसेल, हे कारण!

या दुखण्याचे मर्म असे, की 'तुम्हाला काही नाही' हा निर्वाळा मिळाला की मन शांत होते. पण ती शांती टिकत नाही, आणि पुढच्या वेळी अधिक मोठा निर्वाळा लागतो. खाज सुटलेली जागा खाजवण्यासारखेच हे आहे. हायपोकॉन्ड्रिया हे याचे जुने नाव. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या वर्गीकरण-ग्रंथाने २०१३ साली ते टाकून दिले. त्या नावाला चेष्टेचा वास येत होता, हे त्याचे एक कारण.

ही चेष्टेची बाब नाही, याला पुरावा आहे. स्वीडनमध्ये हे निदान झालेल्या ४,१२९ लोकांच्या नोंदी तपासून २०२३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांपैकी जे मरण पावले त्यांचे मृत्यूसमयीचे सरासरी वय ७० होते. तुलनेसाठी घेतलेल्या इतरांचे ७५. आत्महत्येचे प्रमाण तर सुमारे चौपट होते. हे आम्ही कोणास भिवविण्यासाठी सांगत नाही. 'मनाचे खेळ आहेत, दुर्लक्ष करा' हा सल्ला किती अपुरा आहे, एवढेच दाखवावयाचे आहे.

मग उपाय काय? मुख्य उपाय दोन. एक, मानसतज्ज्ञाबरोबर ठराविक बैठकी घेऊन विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलणे. दुसरा, फ्लुओक्सेटिनसारखे औषध. मेंदूतील सेरोटोनिन या द्रव्याच्या व्यवहारावर ते परिणाम करते. अमेरिकेत १९५ रुग्णांवर या दोहोंची परीक्षा झाली आणि २०१७ साली तिचे फळ प्रसिद्ध झाले. नुसती साखरेसारखी निरुपद्रवी गोळी घेणाऱ्यांत शेकडा सुमारे ३० जणांना गुण आला. दोहोंपैकी एकच उपाय केलेल्यांत शेकडा सुमारे ४२ जणांना, आणि दोन्ही केलेल्यांत सुमारे ४७ जणांना. म्हणजे औषध उपयोगी आहे, पण रामबाण नाही. निम्म्याहून अधिक लोकांना एवढ्याने पुरेसा गुण येत नाही, हेही त्याच आकड्यांत लिहिलेले आहे.

आता औषधाच्या भीतीकडे येऊ. सवय लागेल, ही पहिली भीती. येथे दोन जातींच्या गोळ्यांची गल्लत होते. अल्प्राझोलामसारख्या, घेताच मन निवविणाऱ्या गोळ्यांची सवय लागते, हे खरे. फ्लुओक्सेटिनच्या जातीच्या औषधांची तशी ओढ लागत नाही. मात्र ती एकाएकी सोडली तर चक्कर, अस्वस्थता असे त्रास होऊ शकतात, म्हणून डॉक्टरच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावी लागतात. दुष्परिणाम होतील, ही दुसरी. होतात. पहिल्या आठवड्यांत मळमळ, डोकेदुखी, झोपमोड, क्वचित चिंतेत वाढही. कामेच्छेवर परिणाम होतो, तो पुष्कळदा औषध चालू असेपर्यंत टिकतो. लाजून तो लपवू नये. पंचविशीच्या आतल्या मुलामुलींवर प्रारंभी घरच्यांनी विशेष लक्ष ठेवावे, आणि कोणाच्याही मनात जीव देण्याचे विचार आले तर त्याच दिवशी डॉक्टरला गाठावे. तिसरी भीती मानाची : गोळी घेतली म्हणजे मन दुबळे असल्याची कबुली दिली! चष्मा लावताना अशी कबुली आपण देतो काय?

ही उत्तरे आम्हांस पाठ होती. तरीही औषधाचे पाकीट तीन आठवडे कपाटात न उघडता पडून होते. आत घडी घातलेला कागद होता, तो मात्र आम्ही रोज वाचीत होतो. आणि एकही गोळी न घेता त्यातले निम्मे दुष्परिणाम आम्हांस होऊ लागले होते! अखेर पत्नी म्हणाली, "अहो, ही गोळी घेतली तर काय होईल, हे तीन आठवडे विचारताय. न घेतली तर काय होतं, ते सहा वर्षं आपण बघतोच आहोत ना?"

त्या प्रश्नाने आमची चूक आम्हांस दिसली. आम्ही औषधाकडे शंभर टक्के खात्री मागत होतो, आणि अशी खात्री मागणे हाच तर आमचा रोग होता. तेव्हा 'मला खरोखर रोग आहे का?' हा प्रश्न सोडून आम्ही 'या भीतीने माझे काय काय नेले?' हा प्रश्न कागदावर लिहिला. उत्तरात बारसे आले, झोप आली, पत्नीची पहाट आली. डॉक्टरांनी अर्ध्या मात्रेने आरंभ करविला आणि बारा आठवड्यांनी हिशेब करण्याची तारीख ठरवून दिली. आम्ही जन्माचा करार केला नव्हता, मुदतीचा प्रयोग केला होता.

पहिले दहा दिवस पोट बिघडले. दुसऱ्या महिन्यात नाडी मोजणे कमी झाले. बैठकीही चालू ठेवल्या. कळ आजही येते. पण तिच्यामागे धावलेच पाहिजे, ही सक्ती गेली. नातवाच्या पहिल्या वाढदिवसाला आम्ही रात्रीच्या गाडीने नागपूरला गेलो.

आपणांपैकी प्रत्येकाने गोळी घ्यावी, असे आमचे म्हणणे नाही. सौम्य त्रासाला बैठकी पुरतात. इतर औषधे चालू असतील, गर्भारपण असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगितले पाहिजे. आणि शेजाऱ्याची गोळी तर कधीच घेऊ नये. कोठे विचारावे हे कळत नसेल, तर सरकारची 'टेली-मानस' ही सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर आहे. मात्र निर्णय भीतीवर सोपवू नये. तिला विचाराल तर ती नेहमी 'आणखी एक तपासणी करून पाहू' एवढेच सांगेल.