एक ओळ म्हणजे काय?



आजचा विषय ऐकून काहींना नवल वाटेल. कवितेच्या ओळी लिहिण्यात आयुष्य घालवलेल्या माणसानं संगणकातल्या नोंदींवर का बोलावं? पण तिथंही सारा खेळ ओळीचाच आहे, आणि त्या ओळीवर कुणाची कर्जमाफी, कुणाची जमीन अवलंबून असते.

हल्ली साखर कारखान्यापासून पतसंस्थेपर्यंत सगळीकडे 'बिझनेस इंटेलिजन्स' हा शब्द कानावर येतो. रोजच्या हजारो नोंदी पोटात घ्यायच्या आणि 'कोणत्या तालुक्यात वसुली मागे पडली?' अशा प्रश्नांची उत्तरं पडद्यावर द्यायची, हे या प्रणालीचं काम. प्रणाली बाजारात विकत मिळते. तिच्या पोटात नोंदी कशा मांडायच्या, हे मात्र आपल्याला ठरवावं लागतं. या मांडणीच्या आराखड्याला 'डेटा मॉडेल' म्हणतात.

गोष्ट वाटते तितकी नवी नाही. आमच्या अब्बांचं छोटं किराणा दुकान होतं. त्यांच्या गादीवर दोन वह्या असत, रोजकीर्द आणि खतावणी. काल किती विक्री झाली ते रोजकीर्द सांगे. अमक्याकडे किती येणं आहे ते खतावणी सांगे. उधारी तीच, पण प्रश्न दोन, म्हणून मांडण्याही दोन.

आपल्या तलाठ्याचं दप्तर पाहा. सातबारा हा शब्दच दोन गाव नमुन्यांच्या जोडीतून आला. नमुना सात गट क्रमांकानुसार चालतो : या जमिनीवर कोणाचा हक्क? नमुना बारा त्या जमिनीत कोणतं पीक होतं ते सांगतो. आठ-अ खातेदारानुसार चालतो : या माणसाच्या खात्यावर कुठंकुठं जमीन आहे? आणि नमुना सहा म्हणजे फेरफार. खरेदी, वारस, वाटणी, जे जे बदललं ते तिथं क्रमानं लिहिलं जातं. जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यावर हक्क संपलेल्याचं नाव खोडून नाहीसं करत नसत. नावाला कंस करत आणि शेजारी फेरफाराचा क्रमांक लिहीत. त्यामुळं जमीन आज कोणाची आहे, याबरोबरच ती कोणाकडून आणि कशी आली, हेही कळे.

संगणकाच्या जगात हेच प्रश्न पुन्हा उभे राहिले. एडगर कॉड यांनी १९७० साली नोंदी एकमेकींशी जोडलेल्या तक्त्यांत ठेवण्याची पद्धत मांडली. तिच्यातून पुढं आलेला नियम असा, की एक माहिती एकाच ठिकाणी लिहावी. रोजच्या व्यवहाराला ही मांडणी उत्तम, कारण पत्ता बदलला तर एकाच जागी दुरुस्ती पुरते. पण साहेबांचा एक प्रश्न आला, की त्यासाठी दहा तक्ते जोडावे लागतात. म्हणून राल्फ किंबॉल यांनी १९९६ साली आलेल्या आपल्या पुस्तकात दुसरी मांडणी समजावून सांगितली. मधोमध घडलेल्या व्यवहारांचा तक्ता. त्याच्याभोवती कोण, कुठं, केव्हा, काय, यांचे तक्ते. आकृती चांदणीसारखी दिसते, म्हणून तिचं नाव 'स्टार स्कीमा'.

किंबॉल यांचा आग्रह असा, की कोणता व्यवहार मोजायचा हे ठरलं की लगेच मधल्या तक्त्यातली एक ओळ म्हणजे काय, ते ठरवा. याला ते 'ग्रेन' म्हणतात. ग्रेन म्हणजे दाणा. आणि तो शक्य तितका बारीक ठेवा. दाण्याचं पीठ करता येतं, पिठाचा पुन्हा दाणा होत नाही. पुण्यात संगणकाच्या कंपनीत असलेला माझा भाचा म्हणतो, "मामू, गिऱ्हाईक सगळ्यात आधी आलेखाचे रंग विचारतं. ओळ म्हणजे काय, ते कुणीच विचारत नाही."

तो प्रश्न वेळीच विचारला नाही तर काय होतं, हे आपण महाराष्ट्रात पाहिलं आहे. १ जून २०१७ रोजी पुणतांब्याहून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला. २४ जूनला सरकारनं ३४ हजार कोटी रुपयांची कर्जमाफी जाहीर केली. मर्यादा होती कुटुंबामागं दीड लाख रुपये. कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अठरा वर्षांखालील मुलं. म्हणजे योजनेची एक ओळ होती कुटुंब, बँकेची एक ओळ होती कर्जखातं आणि महसूल खात्याची एक ओळ होती जमिनीचा गट. तीन वह्या, तीन दाणे, आणि जोडायचं एकत्र.

समजा, निफाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचं सोसायटीचं कर्ज आहे साठ हजार रुपये आणि त्याच्या नावावर तीन गट आहेत. कर्जाचा तक्ता गटांच्या तक्त्याला विचार न करता जोडला, तर तेच कर्ज तीन ओळींत तीनदा दिसेल. बेरीज होईल एक लाख ऐंशी हजार. दीड लाखाच्या आतला माणूस कागदावर मर्यादेबाहेर जाईल. यात कुणी लबाडी केलेली नाही, बेरीजही चुकलेली नाही. चुकली आहे ती मांडणी.

तेव्हा अर्ज ऑनलाईन भरले गेले. बँकांना प्रत्येक कर्जाची माहिती ६६ रकान्यांत भरून द्यावी लागली. दिवाळीत, १८ ऑक्टोबरला, प्रमाणपत्रं वाटली गेली; पण अर्जातली माहिती आणि बँकेची माहिती जुळेना. एकाच आधार क्रमांकापुढं अनेक नावं असल्याची तक्रार बँकांकडूनच आली. हिरवी यादी, पिवळी यादी, हे शब्द गावोगावी पाठ झाले आणि खात्यावर पैसे येण्याची वाट पाहण्यात महिने गेले.

डिसेंबर २०१९ मध्ये दुसऱ्या सरकारनं महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना आणली. तिथं कुटुंबाऐवजी वैयक्तिक शेतकरी हा निकष धरला. अर्ज भरायचाच नव्हता. आधारशी जोडलेल्या कर्जखात्यांवरून याद्या तयार झाल्या, आणि पहिली यादी २४ फेब्रुवारी २०२० रोजी लागली. कोणती योजना चांगली, हा राजकारणाचा वाद आहे, त्यात मी शिरत नाही. पण बँकेची वही मुळातच खातेदाराच्या नावानं चालते, कुटुंबाच्या नावानं नव्हे. योजनेची ओळ त्या ओळीच्या जवळ आली की जुळवणी सोपी होते, हे कुणालाही पटेल.

तरीही एक प्रश्न उरतोच. ज्याच्या नावाची ओळच नाही, त्याचं काय? ६ मार्च २०१८ रोजी आपल्या नाशिकमधून हजारो शेतकरी पायी मुंबईला निघाले. त्यांत सुरगाणा, पेठ, दिंडोरी भागातले आदिवासी मोठ्या संख्येनं होते. ते कसतात ती जमीन वनखात्याच्या नावावर. वनहक्क कायदा २००६ सालचा. तरी अनेकांचे दावे पडून होते. पायांना फोड आलेली ती माणसं मुंबईला जे मागायला गेली, त्यात एक मागणं हेही होतं, की आम्ही कसतो त्या जमिनीला आमचं नाव लावा. शेतात राबणाऱ्या पण सातबाऱ्यावर नाव नसलेल्या बायांचंही तेच. वहीत नाव नसेल तर कितीही महाग प्रणाली आणा, तिच्या आलेखात हा माणूस दिसणार नाही. आणि आलेखात दिसला नाही, की तो नाहीच असं साहेब धरून चालतात.

म्हणून उद्या तुमच्या पतसंस्थेत, शाळेत, बाजार समितीत अशी प्रणाली यायची असेल, तर संचालकांनी विकणाऱ्याला तीन प्रश्न जरूर विचारावेत. तुमच्या तक्त्यातली एक ओळ म्हणजे नेमकं काय? माहिती बदलली तर जुनी पुसली जाते की कंसात राहते? आणि या मांडणीत कोण बसत नाही? हे विचारायला संगणक यावा लागत नाही. ज्यानं कधी दुकानाची वही किंवा सातबारा नीट वाचला आहे, त्याला ते विचारता येतात. ते पैसे देण्याआधी विचारावेत, कारण एकदा का लाखो ओळी भरल्या, की दाणा बदलायला सगळी वही पुन्हा लिहावी लागते.