बर्फ पडण्याआधीचे दोर

जपानला जाऊन आले असं सांगितलं, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. ‘चेरीचा बहर पाहिला का?’ आम्ही नाही पाहिला. आम्ही गेलो २०२५च्या जानेवारीत. झाडांवर पान नव्हतं आणि आमच्या अंगावर कपड्यांचे चार थर होते.

आम्ही म्हणजे मी आणि माझी मैत्रीण. तिचं नाव रेडिओवर घ्यायचं नाही, अशी तिची अट आहे आणि ती मी पाळणार आहे. पुण्यात एकाच इमारतीत, समोरासमोरच्या दारांत, आम्ही बत्तीस वर्षं राहिलो. ती बँकेतून निवृत्त झाली, मी शाळेतून. लोणची एकत्र घातली, मुलांच्या दहावी-बारावी एकत्र सोसल्या, तिच्या यजमानांच्या शेवटच्या आजारात रुग्णालयातल्या रात्री वाटून घेतल्या. लांबचा प्रवास मात्र कधी बरोबर केला नव्हता. म्हणून ‘जपानला येतेस का?’ असं तिनं विचारल्यावर मी लगेच हो म्हटलं. ‘पण थंडीतच जायचं,’ ती म्हणाली. का, ते सांगेना. गर्दी कमी असते, स्वस्त पडतं, अशी काहीबाही कारणं दिली. महाबळेश्वरला दोन स्वेटर घालून फिरणारी बाई ही! मला पटलं नव्हतं. पण मी खोलात शिरले नाही.

मी भूगोल शिकवायची. जपानचा हिवाळा फळ्यावर किती वेळा काढला असेन, त्याची गणती नाही. सैबेरियाकडून कोरडे, थंड वारे येतात, जपानच्या समुद्रावरून येताना ओलावा उचलतात, मधल्या डोंगरांना अडतात आणि पश्चिम किनाऱ्यावर बर्फ टाकून मोकळे होतात. डोंगरापलीकडे, टोकियोच्या बाजूला, कोरडी हवा आणि लख्ख ऊन. टोकियोत उतरलो, तर तसंच. दुपारी दहा अंश, आकाश निळंशार. ‘तुझा फळा खरा निघाला गं,’ मैत्रीण म्हणाली.

२ जानेवारीला असाकुसाच्या सेन्सोजी देवळात गेलो. नव्या वर्षाच्या पहिल्या दर्शनाला अख्खं गाव लोटलं होतं. हे टोकियोतलं सर्वांत जुनं देऊळ. परंपरेनुसार त्याची सुरुवात ६२८ सालची. १९४५च्या बॉम्बहल्ल्यात मुख्य मंदिर जळलं, ते १९५८मध्ये पुन्हा उभं राहिलं. देवता कान्नोन, म्हणजे आपला अवलोकितेश्वर. रांगेतली माणसं पेटीत पाच येनचं नाणं टाकत होती. पितळी रंगाचं, मधोमध भोक असलेलं. पाच येनला म्हणतात ‘गो-एन’, आणि ‘गोएन’ या शब्दाचा दुसरा अर्थ आहे ऋणानुबंध. आम्हीही एकेक नाणं टाकलं. माझ्याकडे एक उरलं, ते मी पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवलं.

खरेदीला सुरुवात झाली ती ‘फुकुबुकुरो’पासून. ‘फुकु’ म्हणजे भाग्य. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवसांत दुकानदार बंद पिशव्या विकतात. आत काय आहे, ते बऱ्याचदा कळत नाही. माल मात्र दिलेल्या किमतीपेक्षा जास्त मोलाचा असतो. मैत्रिणीनं पाच हजार येन मोजले. तेव्हाच्या भावानं आपले पावणेतीन हजार रुपये. ‘आत काय आहे ते न बघता पैसे देतेय, आयुष्यात पहिल्यांदा,’ ती म्हणाली. बँकेतली बाई ती! पिशवीतून निघाले दोन मफलर, एक लोकरी टोपी आणि पोटाला घालायचा विणलेला पट्टा. त्याला ‘हारामाकी’ म्हणतात. आम्ही हॉटेलच्या खोलीत हसून हसून दमलो. ती मात्र दुसऱ्या दिवसापासून तो पट्टा रोज घालू लागली.

सुट्ट्या संपून दुकानं उघडल्यावर काप्पाबाशीला गेलो. असाकुसापासून चालत जाण्याजोगा हा रस्ता म्हणजे टोकियोची तुळशीबागच म्हणा, पण फक्त स्वयंपाकघराची. हॉटेलांच्या काचेत मांडायचे मेणाचे आणि प्लास्टिकचे पदार्थही इथंच मिळतात. सुऱ्यांच्या एका दुकानात तिनं भाजी चिरायची ‘नाकिरी’ घेतली. चौकोनी पात्याची, आपल्या छोट्या सत्तुरासारखी दिसणारी. दुकानदारानं विचारलं, उजव्या हाताच्या की डाव्या? मग बजावलं, पातं लोखंडी आहे, ओलं ठेवलंत तर गंजेल, वापरली की लगेच पुसायची. पात्यावर नाव कोरून हवं का, असंही त्यानं विचारलं. तिनं कागदावर काहीतरी लिहून दिलं, माझ्याकडे पाठ करून.

आता ‘ओमियागे’ विषयी सांगायला हवं. जपानी माणूस गावाला गेला, की मागं राहिलेल्यांसाठी तिथला खाऊ आणतो. ऑफिसातल्या सगळ्यांना, शेजाऱ्यांना. म्हणून स्टेशनास्टेशनावर त्या त्या गावच्या मिठाईचे खोके रचलेले असतात. आतली प्रत्येक वडी वेगळ्या कागदात, आणि खोक्यावर नग छापलेले. आठ, बारा, चोवीस. मोजून घ्यायचं, मोजून वाटायचं. मैत्रिणीला हे फार आवडलं. तिच्या वहीत एक यादी होती. प्रत्येक खोका घेतला, की ती वही उघडून खूण करायची. तळमजल्यावरच्या काकू, पेपरवाला, तिची फिजिओथेरपिस्ट, बँकेतल्या चौघी, कामाला येणाऱ्या बाईंची नात. मला आधी गंमत वाटली. चौथ्या दिवशी वाटेनाशी झाली.

७ जानेवारीला शिंकानसेननं क्योतोला निघालो. उजव्या हाताच्या खिडकीतून फुजी दिसतो आणि हिवाळ्यातल्या कोरड्या हवेत तो स्वच्छ दिसण्याची शक्यता जास्त. आम्हाला पूर्ण दिसला, कमरेपर्यंत पांढरा. मोठ्या बॅगा आम्ही आदल्या दिवशीच हॉटेलात सोपवल्या होत्या. तिथं सामान परस्पर पुढच्या हॉटेलात पोचवणारी सेवा आहे, साधारण दुसऱ्या दिवशी मिळतं. आमच्या वयाच्या प्रवाशांनी हे जरूर लक्षात ठेवावं. शाकाहारी श्रोत्यांसाठीही एक सांगते. तिथल्या नूडल्सच्या साध्या दिसणाऱ्या रश्शातही बहुधा सुक्या माशाचा अर्क असतो. आम्ही विचारून, हात जोडून, टोफू आणि भातावर दिवस काढले.

क्योतोत कियोमिझु देवळाकडं जाणाऱ्या उतारांवर दुकानांची रांग आहे. एका उताराचं नाव साननेनझाका, म्हणजे तीन वर्षांचा उतार. इथं जो पडेल तो तीन वर्षांत मरेल, अशी समजूत. त्यावर उतारा म्हणून छोटे भोपळे विकायला असतात. मी हसले. मैत्रीण हसली नाही. तिनं माझा दंड घट्ट धरला आणि एकेक पायरी मोजत उतरली. शेजारी चावानझाका आहे, चहाच्या पेल्यांचा उतार. तिथं तिनं अकरा पेले घेतले. चिनी मातीचे. फुटतील म्हणून ते पुढं पाठवायचे नाहीत, हातातूनच न्यायचे. अर्थात माझ्याही हातातून.

रात्री खोलीत तिनं ते पेले अंथरूणावर मांडले, आणि माझा तोल गेला. ‘विमानात तेवीस किलोच चालतं, माहीत आहे ना? अख्ख्या इमारतीला आहेर करायला कुणाचं लग्न आहे? तुझ्या दुकानांपायी माझी दोन देवळं राहिली.’ ती शांतपणे एकेक पेला कागदात गुंडाळत राहिली. शेवटी म्हणाली, ‘तुला नाही कळायचं.’ मी म्हटलं, ‘मग कळेल असं सांग.’ तिनं दिवा मालवला.

दुसऱ्या दिवशी कानाझावाची गाडी. २०२४च्या मार्चपासून शिंकानसेन कानाझावाहून पुढं त्सुरुगापर्यंत आली आहे. क्योतोहून साध्या एक्स्प्रेसनं त्सुरुगाला जायचं आणि तिथं गाडी बदलायची. त्सुरुगापर्यंत आम्ही एकमेकींशी शब्द बोललो नाही. पेल्यांची पिशवी दोघींच्या मध्ये. खिडकीबाहेर आधी करडं आकाश आलं, मग पाऊस आणि मग बर्फ. डोंगराची दुसरी बाजू आली होती. एरवी मी उड्या मारल्या असत्या.

कानाझावात म्हण आहे, डबा विसरलास तरी चालेल, छत्री विसरू नकोस. हॉटेलातून दोन छत्र्या घेऊन आम्ही केनरोकुएन बागेत गेलो. जपानच्या तीन नामांकित बागांपैकी ही एक. तळ्याकाठी एक मोठा पाईन वृक्ष आहे, कारासाकीचा. बिवा सरोवराजवळच्या कारासाकीहून बी आणून इथल्या सरदारानं तो वाढवला. त्याच्या बुंध्याशी उंच खांब उभे केलेले आणि खांबांच्या टोकांपासून शेकडो दोर खाली येऊन फांदीफांदीला बांधलेले. छत्रीचं कापड काढून नुसत्या काड्या ठेवाव्यात, तसं दिसत होतं. याला ‘युकित्सुरी’ म्हणतात. इथलं बर्फ ओलं, जड. साचलं की फांद्या मोडतात. म्हणून दर वर्षी १ नोव्हेंबरला, आकाशात बर्फाचं चिन्ह नसताना, याच झाडापासून दोर बांधायला सुरुवात होते. दोर भाताच्या पेंढ्याचे. मार्चच्या मध्यापासून ते सोडतात.

तिथल्या पाटीवरचं मी तिला वाचून दाखवत होते, निदान काहीतरी बोलायला म्हणून. ती झाडाकडे बघत म्हणाली, ‘मी लेकीकडे चाललेय. कॅनडाला. कायमची.’

मला काही सुचलं नाही.

‘जूनमध्ये. घर भाड्यानं द्यायचं ठरलंय. कुणाला सांगितलं नाही अजून. दारोदार जाऊन सांगायचं, तर हातात काहीतरी हवं ना?’

ती अकरा पेल्यांची आणि चोवीस वड्यांची यादी म्हणजे निरोपाची यादी होती. बत्तीस वर्षांत जोडलेली माणसं ती नग मोजून वाटून घेत होती, कुणी राहू नये म्हणून.

‘आणि थंडी?’ मी विचारलं.

‘तिकडे चार-पाच महिने बर्फ. मला बघायचं होतं, चालता येतंय का. तिथं जाऊन पडले, तर लेकीला वाटेल, आईला आणून चूक केली. तुझ्यासमोर पडायला मला लाज नाही.’

‘मग मनाली होतं की.’

‘होतं. पण शाळेत असल्यापासून तू जपान जपान करत होतीस.’

पेल्यांवरून मी काय काय बोलले होते, ते सगळं मला त्या बर्फात उभ्या उभ्या आठवलं. ‘चल, चहा घेऊ,’ ती म्हणाली.

पुढच्या दिवशी बसनं शिराकावा-गोला गेलो. कानाझावापासून सव्वा तासाचा रस्ता. १९९५पासून हे गाव जागतिक वारशाच्या यादीत आहे. उंच, गवतानं शाकारलेली, उतरत्या छपरांची घरं. या बांधणीला ‘गाश्शो’ म्हणतात, म्हणजे जोडलेले हात, आपला नमस्कार. छपराचा सांगाडा खिळ्यांनी ठोकलेला नाही, दोरांनी आणि झाडाच्या लवचीक फांद्यांनी आवळलेला आहे. तीस-चाळीस वर्षांनी छप्पर नव्यानं शाकारतात, तेव्हा सारा गाव कामाला येतो. आज तुझ्या घरी, उद्या माझ्या. त्याला नाव आहे ‘युई’. आपल्याकडे शेतकरी इर्जिक घालतात, तेच हे.

मैत्रिणीनं बुटांना रबरी काटे चढवले, हारामाकी आवळली आणि घट्ट झालेल्या बर्फावर पाऊल टाकलं. बसतळावरच्या एका वृद्ध माणसानं आम्हाला चालून दाखवलं. पाऊल छोटं, तळवा सपाट, अंग थोडं पुढं, हात खिशाबाहेर. ती तासभर चालली. मी दोनदा पडले. ती एकदाही नाही.

परत आल्यावर ती एकेक दार ठोठावत गेली. प्रत्येक दारात आधी पेला किंवा वडी, मग बातमी. बरीच दारं मी तिच्याबरोबर होते. जूनमध्ये निघताना तिनं माझ्या हातात एक लांबट खोका ठेवला. काप्पाबाशीची सुरी. पात्यावर जपानी अक्षरांत माझं नाव. ‘कापणारी वस्तू फुकट देऊ नये म्हणतात. काहीतरी दे,’ ती म्हणाली. मी पर्सच्या आतल्या कप्प्यातलं पाच येनचं नाणं तिला दिलं.

जपानला थंडीत जावं का, असं कुणी विचारलं तर मी सांगते, जरूर जावं. पायात चांगले बूट घाला, सामान पुढं पाठवा आणि बरोबरच्या माणसाला ‘कशासाठी?’ हे रागावून विचारण्याआधी साधेपणानं विचारा.

त्याच वर्षी डिसेंबरात एका पहाटे तिचा फोन आला. तिकडे संध्याकाळ होती.

‘आज दुकानापर्यंत चालत जाऊन आले. एकटी.’

‘पडलीस का?’

‘एकदा. कुणी बघितलं नाही.’

मी फोन ठेवला, चहा टाकला. मग सुरी काढून कोथिंबीर चिरली, आणि लगेच पुसून ठेवली.