गळतीचे पाणी आणि शोषक सॉकची निवड

(अंबरनाथ, बदलापूर व उल्हासनगर परिसरातील कामाच्या जागी होणारी पाण्याची गळती व तिचा बंदोबस्त या विषयावरील भाषणाचा मजकूर)

मृगाच्या सरी सुरू झाल्या की अंबरनाथ, बदलापूर आणि उल्हासनगर येथील कारखान्यांत, कार्यशाळांत आणि कचेऱ्यांत एक ओळखीचे दृश्य दिसू लागते. छपराच्या पत्र्याखाली बादली ठेवली जाते, उंबरठ्याशी गोणपाट अंथरले जाते आणि यंत्राभोवती जुन्या चिंध्यांचा वेढा पडतो. पावसाळा नसतानाही गळती पूर्णपणे थांबलेली नसते. कोठे नळाचा सांधा सैल झालेला असतो, कोठे पंपाची ग्लँड झिजलेली असते, तर कोठे वातानुकूलन यंत्राची निचऱ्याची नळी तुंबलेली असते. नेहमीचीच बाब म्हणून अशा गळतीकडे काणाडोळा होतो. वस्तुतः पाणी जमिनीवर पडले म्हणजे ते तेथेच थांबत नाही. ते उताराकडे सरकते, वाटेतील तेल, रंग व रसायनांचे कण सोबत घेते आणि अखेरीस गटार गाठते.

हे गटार कोठे जाते, हा प्रश्न या परिसरात विशेष महत्त्वाचा आहे. अंबरनाथजवळील काकोळेच्या डोंगराळ भागातून येणारी वालधुनी नदी इ. स. १०६० मधील प्राचीन शिवमंदिराजवळून वाहत उल्हासनगरच्या दाट वस्तीत शिरते आणि पुढे कल्याणजवळ उल्हासच्या खाडीला मिळते. बदलापूरचे ओढे-नाले उल्हास नदीकडेच उतरतात. हीच उल्हास नदी लाखो लोकांची तहान भागविते. बारवी धरणातून सोडलेले पाणीही याच नदीच्या पात्रातून जांभूळ येथे उचलले जाते. नोव्हेंबर २०१४ च्या अखेरीस उल्हासनगर येथे वालधुनीच्या पात्रात घातक रसायन सोडले गेल्याने वायू पसरला आणि नदीकाठच्या अनेक रहिवाशांना रुग्णालयात दाखल करावे लागले. ती घटना साध्या गळतीची नव्हती. तथापि नाला आणि घर यांतील अंतर या शहरांत किती थोडे आहे, हे तिने दाखवून दिले. म्हणूनच कारखान्याच्या आत सांडलेले पाणी आतच अडविणे हे केवळ स्वच्छतेचे काम नसून शेजारधर्माचेही काम आहे.

शोषक सॉक म्हणजे काय?

अशा गळतीसाठी बाजारात ‘शोषक सॉक’ या नावाने ओळखली जाणारी एक साधी वस्तू मिळते. सॉक म्हणजे मोजा; परंतु ही वस्तू दिसते बैठकीवरील लहान लोडासारखी. लांबट कापडी पिशवीत पाणी किंवा तेल शोषणारा पदार्थ भरून तिची दोन्ही तोंडे शिवलेली असतात. सुमारे साडेसात सेंटिमीटर जाडी व एक मीटर वीस सेंटिमीटर लांबी हे तिचे सर्वसाधारण माप होय. ती वाकते, कोपऱ्यात बसते आणि यंत्राच्या पायाभोवती वेटोळे घालून ठेवता येते. गोणपाट पाणी थोडेफार टिपते, पण अडवीत नाही. वाळूची पिशवी पाणी अडविते, पण टिपत नाही. सॉक ही दोन्ही कामे एकाच वेळी करतो, हा त्याचा मुख्य गुण आहे.

पहिला प्रश्न : सांडते ते काय?

निवडीतील सर्वांत मोठी चूक येथेच होते. सर्व सॉक दिसावयास सारखे असले तरी त्यांच्या पोटातील पदार्थ भिन्न असतात. पॉलिप्रॉपिलीनचे धागे मुळात पाणी झिडकारतात आणि तेल पितात. म्हणून केवळ तेलासाठी बनविलेला सॉक पाण्याच्या गळतीवर ठेवला, तर तो कोरडाच राहतो आणि पाणी त्याच्या खालून निघून जाते. व्यापारात सामान्यतः पांढरा सॉक तेलासाठी, करडा सॉक पाणी व तेल अशा दोहोंसाठी आणि पिवळा सॉक रसायनांसाठी वापरण्याचा प्रघात आहे. परंतु हा प्रघात आहे, कायदा नव्हे. म्हणून रंगावर विसंबून न राहता वेष्टनावरील मजकूर वाचावा. शंका असल्यास आतील पदार्थाची चिमूट पाण्याच्या वाटीत टाकावी. ती कोरडी राहून तरंगत राहिली, तर तो सॉक पाण्याच्या कामाचा नाही.

केवळ स्वच्छ पाण्यासाठी काही सॉकमध्ये सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेटसारखे अतिशोषक कण भरलेले असतात. ते शुद्ध पाणी आपल्या वजनाच्या शेकडो पट शोषून त्याची लापशी करतात. मात्र क्षारयुक्त पाण्यात त्यांची क्षमता पुष्कळच घटते, तेलावर ते उपयोगी पडत नाहीत आणि पिळून पुन्हा वापरता येत नाहीत. लाकडाचा भुसा स्वस्त व सहज मिळणारा असला, तरी नायट्रिक आम्लासारख्या तीव्र रसायनावर तो टाकणे म्हणजे आगीला आमंत्रण देणे होय. रसायनांचा वापर असलेल्या कारखान्यांनी त्या रसायनाच्या सुरक्षा पत्रकात सांगितलेला शोषक पदार्थच वापरला पाहिजे.

दुसरा प्रश्न : किती आणि किती वेळ?

‘थेंबे थेंबे तळे साचे’ ही म्हण बचतीच्या संदर्भात नेहमी सांगितली जाते. ती गळतीलाही तंतोतंत लागू पडते. साधारणपणे वीस थेंबांचे एक मिलिलिटर होते. दर सेकंदाला एक थेंब गळत असेल, तर तासाला १८० मिलिलिटर आणि दिवसाला सुमारे सव्वाचार लिटर पाणी सांडते. शनिवारी सायंकाळी सहाला कुलूप लावून सोमवारी सकाळी नऊला कार्यालय उघडले, तर मधल्या ३९ तासांत सात लिटर पाणी जमिनीवर आलेले असते. वर सांगितलेल्या मापाच्या सॉकचे बाहेरून मोजलेले आकारमानच सुमारे ५.३ लिटर भरते. त्यामुळे सर्वसाधारण भरणाचा असा सॉक तीन ते चार लिटर पाणी धरतो, असे मानून चालावे. म्हणजेच त्या दोन रात्रींसाठी एक सॉक पुरणार नाही. निदान दोन तरी लागतील. हाच हिशेब दुसऱ्या बाजूनेही करून पाहण्यासारखा आहे. तीन मीटर रुंद व चार मीटर लांब खोलीत केवळ दोन मिलिमीटर पाणी साचले, तरी ते २४ लिटर होते. तेवढे पाणी सॉकने टिपू पाहणे हा व्यर्थ खर्च ठरेल. तेथे वायपर, सूप आणि बादली हीच योग्य साधने होत. सॉकने फक्त पाण्याची सीमा आखावी आणि उरलेला ओलावा टिपावा.

भिजलेल्या सॉकचे वजनही विसरता कामा नये. एक लिटर पाणी एक किलो भरते. चार लिटर पाणी प्यालेला सॉक एका टोकाने उचलला, तर त्याची शिवण उसवण्याचा संभव असतो. तो दोन्ही हातांनी, खाली घमेले धरून उचलावा.

तिसरा प्रश्न : ठेवावयाचा कोठे?

सॉक गळतीच्या थेंबाखाली नव्हे, तर पाण्याच्या वाटेवर ठेवावा. त्यासाठी प्रथम जमिनीचा उतार पाहावा. फरशीवर तांब्याभर पाणी ओतले की उतार आपोआप कळतो. एकाहून अधिक सॉक लावताना त्यांची टोके एकमेकांवर वीतभर चढवावीत, अन्यथा पाणी नेमके त्या फटीतून वाट काढते. खडबडीत कोब्यावर सॉक हाताने दाबून बसवावा. पावसाचे पाणी वाहून नेणारे गटार आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्राकडे जाणारी वाहिनी यांतील भेद प्रत्येक कामगाराला माहीत असला पाहिजे. कारण पहिल्यात गेलेले पाणी कोणत्याही प्रक्रियेविना नाल्यात पोहोचते. त्याच्या तोंडाशी सॉक सदैव तयार ठेवणे हिताचे असते.

येथे दोन सावधगिरीच्या सूचना आवश्यक आहेत. वीजफलकाजवळ पाणी दिसल्यास प्रथम मुख्य स्वीच बंद करावा. तोवर त्या पाण्याजवळ कोणीही जाऊ नये. दुसरे असे की, जाण्या-येण्याच्या वाटेवर आडवा टाकलेला सॉक स्वतःच ठेच लागण्याचे कारण बनतो. घसरून पडणे टाळण्यासाठी आणलेल्या वस्तूने अडखळून पडणे, असा उलटा प्रकार होऊ नये. तेथे सूचनाफलक ठेवावा किंवा सॉक भिंतीलगत वळवून घ्यावा.

चौथा प्रश्न : वापरानंतर काय?

स्वच्छ पाणी शोषलेला साध्या भरणाचा सॉक उन्हात खडखडीत वाळवून पुन्हा वापरता येतो. ओलाच गुंडाळून कोपऱ्यात टाकला, तर त्याला बुरशी लागते. तेल किंवा रसायन शोषलेला सॉक मात्र पाणी शोषलेल्या सॉकसारखा हाताळता येत नाही. घातक कचऱ्यासंबंधीच्या २०१६ च्या नियमांच्या पहिल्या अनुसूचीत दूषित चिंध्या व सफाईचे साहित्य यांचा समावेश आहे. असे साहित्य झाकणबंद पिंपात, नाव लिहून, सर्वसाधारणपणे ९० दिवसांच्या मर्यादेत साठवावयाचे असते आणि नंतर तळोजा येथील केंद्रासारख्या अधिकृत विल्हेवाट केंद्राकडे पाठवावयाचे असते. नाल्यात जाऊ न दिलेले तेल सॉकसह उकिरड्यावर फेकले, तर पहिल्या पावसात ते पुन्हा नाल्यातच उतरेल. तसे झाल्यास सारा खटाटोप वाया गेला, असेच म्हणावे लागेल.

सॉकची मर्यादा

या साधनाविषयी अवास्तव अपेक्षा बाळगणे योग्य नव्हे. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत आणि जुलै २०१९ मधील पुरात या परिसराने पाण्याचे रौद्र रूप पाहिले आहे. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर व वांगणीच्या दरम्यान पुराच्या पाण्यात अडकलेल्या महालक्ष्मी एक्सप्रेसमधील सुमारे हजार प्रवाशांची सुटका करावी लागली होती. आभाळच फाटले तर ठिगळ कोठे लावणार, असे म्हणतात ते अशा प्रसंगी खरे ठरते. तेथे पूर्वसूचना, उंच जागी हलविलेले साहित्य आणि वेळीच केलेले स्थलांतर हेच उपाय होत. सॉक आहे तो रोजच्या, लहान, माणसाच्या आटोक्यातील गळतीसाठी.

आणि त्या गळतीवरही तो अंतिम उपाय नव्हे. सॉक वेळ मिळवून देतो, गळती थांबवीत नाही. चार रुपयांचा वायसर बदलण्याऐवजी महिनोन्‌महिने सॉक बदलत राहणे म्हणजे जखम न धुता पट्टी बदलण्यासारखे आहे. म्हणून प्रत्येक सॉकबरोबर एक नोंद झाली पाहिजे : गळती कोठे, केव्हा दिसली, दुरुस्ती कोणाकडे सोपविली आणि ती केव्हा पूर्ण झाली. एकाच जागी तिसऱ्यांदा सॉक ठेवण्याची वेळ आली, तर तो दोष पाण्याचा नसून व्यवस्थेचा आहे, हे ओळखावे.

ग्रामपंचायती व शाळांसाठी

हा विषय केवळ कारखान्यांचा आहे असे नाही. ग्रामपंचायतीच्या दप्तरखान्यात जन्म-मृत्यूच्या नोंदी व कर आकारणीच्या वह्या असतात. शाळेत हजेरीपट व प्रयोगशाळेचे साहित्य असते. तेथील गळतीत भिजलेला कागद पुन्हा मिळत नाही. दप्तराची कपाटे जमिनीपासून वीतभर उंच ठेवणे आणि पावसाळ्यापूर्वी चार सॉक तयार ठेवणे, एवढी व्यवस्था कोणत्याही लहान कार्यालयास झेपण्यासारखी आहे. स्वच्छ पाण्यापुरता असा सॉक गावातही शिवता येईल. जुन्या सुती कापडाची पिशवी आणि तिच्यात नारळाच्या काथ्याचा भुसा एवढेच साहित्य त्यास लागते. हा भुसा आपल्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरतो. उल्हासनगरसारख्या शिवणकामाच्या गावी कापडाची व कसबी हातांची वाण नाही. महिला बचत गटांनी हे काम हाती घेतल्यास ते सहज साधेल. शिक्षकांना तर यात एक सुंदर प्रयोग सापडेल : मोजपात्र, ठिबकणारा नळ आणि घड्याळ घेऊन विद्यार्थ्यांनी एका दिवसाच्या गळतीचा हिशेब मांडावा. तो आकडा फळ्यावर लिहिला गेला की नळ बंद करण्याविषयी निराळा उपदेश करावा लागणार नाही.

काय सांडते, किती सांडते, कोठे वाहते आणि वापरानंतर काय, हे चार प्रश्न विचारून घेतलेला सॉक आपले काम चोख बजावतो. न विचारता घेतलेला सॉक पाण्यात तरंगत राहतो. दरवर्षी मृग लागण्यापूर्वी या चार प्रश्नांची उत्तरे प्रत्येक कामाच्या जागी लिहून ठेवली गेली, तर कामगाराचा पाय घसरणार नाही, दप्तर भिजणार नाही आणि कारखान्यातील तेलाचा तवंग वालधुनीच्या पाण्यावर दिसणार नाही.