अक्कलदाढेखालची वाट

बागलीसारख्या गावी अक्कलदाढ ठणकू लागली की माणूस लवंग चावतो. अगदीच असह्य झाले, तर इंदूर गाठतो. खालच्या जबड्याच्या हाडातून एक अरुंद नलिका जाते. तीत ओठाला व हनुवटीला संवेदना देणारा मज्जातंतू असतो. दाढ काढताना तो दुखावला, तर ओठ महिनोन्‌महिने, क्वचित कायमचाही, बधिर राहतो. राँटगेनने १८९५ साली शोधलेल्या क्ष-किरणांचे साधे चित्र सपाट. नलिका मुळाच्या गालाकडील अंगास आहे की जिभेकडील, हे त्यात उमगत नाही. १९९० नंतरच्या दशकात आलेल्या यंत्रात शंकूच्या आकाराचा किरणझोत डोक्याभोवती फिरतो आणि संगणक जबडा त्रिमितीत उभा करतो. मात्र किरणांची मात्रा वाढते, खर्चही. म्हणून साध्या चित्रात मूळ नलिकेला भिडलेले दिसले, तरच हे चित्र काढवावे.