जादा शक्तीचा हिशेब



वसंत व्याख्यानमालेत इंजिनाचा विषय पाहून काहींना नवल वाटले असेल. आम्ही अभियंते नव्हे. जे थोडे कळते, ते ट्रकचालकांची संघटना बांधता बांधता, फिटरांशेजारी बसून आणि मिळतील ती पुस्तके वाचून. पण ‘मोठा इंटरकूलर बसवा, गाडीची ताकद वाढवा’ हा सल्ला गॅरेजांतून वरचेवर कानी पडतो, आणि त्याची किंमत पुष्कळदा चालकाला मोजावी लागते. म्हणून हा हिशेब आपल्यापुढे मांडतो.

एक किलो डिझेल पुरते जाळावयाला सुमारे साडेचौदा किलो हवा लागते. तेव्हा जादा तेल जाळावयाचे तर आधी जादा हवा हवी. वाया जाणाऱ्या धुराच्या जोराचा उपयोग करून हवा दाबून आत घालावी, या कल्पनेचे पेटंट स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ साली मागितले. आजचा टर्बो तो हाच.

परंतु हवा दाबली की तापते. सायकलच्या पंपाचे बूड हाताला कसे लागते, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. ३० अंशांची हवा दुप्पट दाबाला नेली, तर टर्बोतून ती सुमारे १२५ अंशांवर बाहेर पडते. तापलेली हवा विरळ होते. तिला बाहेरच्या वाऱ्याने निववणारी जाळी म्हणजे इंटरकूलर. दाब तोच ठेवून ती ६० अंशांवर आणली, की तेवढ्याच जागेत जवळजवळ वीस टक्के हवा अधिक मावते.

आता मोठी जाळी घाला. हवा ६० ऐवजी ४५ अंशांवर आली, असे धरू. नफा किती? सुमारे पाच टक्के! तोही जाळीतून जाताना दाब फार घटला नाही तरच. शिवाय तेल पूर्वीइतकेच राहिले, तर ताकद फारशी वाढत नाही. इंजिन थोडे थंड चालते इतकेच. मग तेल वाढविले जाते, आणि घात होतो तो येथेच. हवा पाच टक्के आणि तेल पंचवीस टक्के, असा व्यवहार झाला की काळा धूर निघतो आणि पिस्टन भाजू लागतो.

२०१४ साली आमच्यापुढे असेच एक प्रकरण आले. मालकाने नवी जाळी बसविली, तेल वाढविले आणि मालही वाढविला. चढाला गाडी काळा धूर ओकते, असे चालकाने दोनदा सांगितले होते. पुढे कसारा घाटात पिस्टन वितळला, आणि नुकसान कापले गेले ते चालकाच्या पगारातून! आम्ही मालकासमोर बसून हाच हिशेब कागदावर मांडला. कापलेले पैसे परत मिळाले. पण त्या पोराची दोन महिन्यांची झोप कोण परत देणार?

म्हणून आमचे सांगणे असे. प्रथम जुनी जाळी चिखलातेलापासून स्वच्छ करा. रबरी नळ्या व त्यांच्या क्लिपा तपासा. गेलेली ताकद पुष्कळदा तेथेच सापडते. मग जाळीच्या अलीकडे व पलीकडे हवेचा दाब आणि उष्णता मोजा, धुराची उष्णताही मोजा. मोठी जाळी रेडिएटरचा वारा अडवीत नाही ना, हे पाहा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम वाहनातील फेरफारांना मर्यादा घालते, तेही वाचा. आणि ध्यानात ठेवा, इंजिनाची ताकद वाढली म्हणून ब्रेकची वाढत नाही.

यंत्रावर भार वाढविण्यापूर्वी त्याला पुरेशी हवा मिळते की नाही, हे शहाणा माणूस पाहतो. तीच चौकशी ते यंत्र चालविणाऱ्याचीही व्हावी, एवढेच मागणे मागून आम्ही आपली रजा घेतो.