आधी आत घ्या, नाव मागून विचारा
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



विहाराचा इतिहास अध्यक्षांनी सांगितलाच. आम्ही नव्या नियमावलीतल्या एका कलमावर बोलणार आहोत. सभागृहात मुक्काम करणाऱ्यानं आधार कार्ड दाखवावं, असं ते कलम. लग्नकार्याला ठीक आहे. पण पूर, आग, साथ आली तर दारात येणाऱ्याचं काय?

३० सप्टेंबर १९९३ आठवा. पहाटे चारला चार मिनिटं कमी. गणपती बोळवून लोक नुकते झोपलेले. किल्लारी, सास्तूर, होळी, राजेगाव... दगड-मातीच्या भिंती अंगावर आल्या. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद मिळून आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. कारखान्याचा हंगाम सुरू व्हायचा होता, म्हणून आम्ही पोरं दगड उपसायला गेलो. पहिले दोन दिवस कुणी कुणाला नाव विचारलं नाही. मग पत्र्याची शेडं आली, आणि शेडांबरोबर यादी आली. घर कुणाच्या नावावर? रेशनकार्ड कुठंय? अहो, कार्ड ढिगाऱ्याखाली! आमची एक आत्या, नवऱ्यानं टाकलेली, भावाच्या ओसरीत राहायची. घर नावावर नाही, कार्डात नाव नाही. भाऊ गेला आणि ती कुणाचीच उरली नाही. शेड मिळेस्तोवर महिनाभर पावसात ताडपत्रीखाली होती. पुढं बावन्न गावं नव्यानं वसली. तिथंही घर जमिनीवरून ठरलं : भूमिहीनाला २५० चौरस फूट, मोठ्या शेतकऱ्याला ७५०.

दुसरी गोष्ट २०२० ची, आणि ती सांगताना आमची मान खाली जाते. २५ मार्चला टाळेबंदी लागली. सुमारे १ लाख ३१ हजार ऊसतोड कामगार ३८ कारखान्यांच्या तळांवर अडकले. त्यांची निदान कारखान्याकडं यादी होती. १७ एप्रिलला सरकारनं त्यांना गावी जायची परवानगी दिली. पण विहिरी खोदणाऱ्यांची यादी कोण करणार? असंच एक कुटुंब, मध्य प्रदेशाकडचं, रात्री आपल्या दारात आलं. संगं दोन लेकरं. कागद काहीच नव्हता. आपण भाकरी दिली, पाणी दिलं. दार उघडलं नाही. ती लिंबाखाली झोपली. कुलूप दुसऱ्या कुणी नाही, आम्हीच लावलं होतं.

मे २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की स्थलांतरित मजुराला शिधा देताना ओळखपत्राचा हट्ट धरू नका, तो सांगेल ते माना. आपल्याला ते एक वर्ष आधी कळायला काय हरकत होती? संविधान तर घरोघरी आहे. कलम १९ नागरिकांसाठी आहे. जीविताचं कलम २१ काढा, तिथं शब्द 'व्यक्ती' आहे. कप्ताई धरणात जमिनी बुडालेले चकमा बौद्ध १९६४ साली पूर्व पाकिस्तानातून आले आणि आजच्या अरुणाचलात वसले. त्यांना हुसकायला लोक उठले, तेव्हा १९९६ साली न्यायालयानं हेच कलम लावलं आणि त्यांचा जीव राखायची जबाबदारी सरकारवर टाकली. नागरिकत्वाचा निकाल लागायचा होता, तरी! आपलेच धम्मबांधव ते.

कुणी म्हणेल, बांगलादेशी शिरेल, चोर शिरेल. वहीत तो सांगेल ते नाव-गाव लिहा. कागद तपासायला कचेऱ्या आहेत. रात्री दोन वाजता तो निवाडा आपण कशाला करायचा? कार्ल्या-नाशिकच्या लेण्यांत दान चारी दिशांच्या संघाला दिल्याचं कोरलंय. ते भिक्खूंसाठी होतं, कबूल. पण कुठल्या गावचे, हे तिथं विचारलेलं नाही.

आमचा ठराव एवढाच. त्या कलमाखाली एक ओळ घाला : आपत्तीत हा नियम लागू नाही. एक किल्ली महिला मंडळाकडं ठेवा, कारण आम्ही पाळीवर असतो. वीस चटया आणि दोन ताडपत्र्या आम्ही कामगारांनी आणल्यात, मागच्या खोलीत ठेवल्यात. जयभीम!