खलिफांचा घरखर्च



साल 632. अरबस्तानातलं मदिना शहर. पैगंबर मुहंमद यांच्या निधनानंतर हजरत अबू बक्र पहिले खलिफा, म्हणजे मुस्लिमांचे प्रमुख, झाले.

ते मूळचे कापडाचे व्यापारी. खलिफा झाल्यावरही ते खांद्यावर कापड टाकून बाजाराकडे निघाले, असं इस्लामी इतिहासग्रंथ सांगतात. वाटेत त्यांचे सहकारी हजरत उमर भेटले. राज्याचा कारभार सांभाळून हा धंदा कसा जमणार, असं त्यांनी विचारलं. अबू बक्र म्हणाले, मग घरच्यांना काय खाऊ घालू?

त्यानंतर सार्वजनिक खजिन्यातून त्यांना मानधन ठरलं. किती? घरखर्च भागेल, एवढंच.

पुढची कथा मुस्लिम घरांत आजही सांगितली जाते. त्यांच्या पत्नीला काहीतरी गोड करावंसं वाटलं. तिने रोजच्या खर्चातून थोडं थोडं वाचवलं. अबू बक्र यांनी ती शिल्लक खजिन्यात परत केली. शिवाय तेवढं मानधनही कमी करून घेतलं. एवढ्या कमीत घर चालतं, हे त्यांना कळलं होतं!

कुराणही खर्चाबाबत मधली वाट सांगतं. उधळपट्टी नको. आणि कंजुषीही नको. अबू बक्र यांनी गुलामांच्या सुटकेसाठी स्वतःचा पैसा सढळ हाताने दिला होता. काटकसर होती ती लोकांच्या पैशाची. त्यातून घ्यायचं, ते घरखर्च भागेल एवढंच.

634 साली ते आजारी पडले. खजिन्यातून मिळालेल्या वस्तू, त्यांत एक दुभती उंटीण, माझ्या मृत्यूनंतर नव्या खलिफांकडे पोहोचवा, असं त्यांनी मुलीला, हजरत आयशा यांना, सांगितलं.

नवे खलिफा होते उमर. त्या वस्तू पाहून त्यांना रडू आवरेना. मागून येणाऱ्यांचं काम अबू बक्र यांनी फार अवघड करून ठेवलं, असं ते म्हणाले.